रंगीत तालीम

नाग नदीला आमच्या गल्लीत कोणी नदी म्हणत नाही.
नालाच म्हणतात. मीही म्हणायचे,
ती रात्री अडीच वाजता घरात येईपर्यंत.
आधी मोरीतून, चोरपावलांनी,
मग पुढच्या दारानं, घरच्यासारखी.

नंतर रंगवाला आला. त्याला म्हटलं,
भिंतीवरची ही मातकट रेघ राहू दे.
ताई, प्रायमर मारतो ना, दिसणारच नाही.
म्हटलं, दिसू दे.
रेघेशेजारी ओवीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा आहेत.
पाणी इयत्ता तिसरीपर्यंत आलं होतं.
ती आता सहावीत.

दारामागच्या खिळ्याला तिची जुनी सॅक असते,
चेन बिघडलेली, म्हणून सेफ्टी पिना.
घराची रजिस्ट्री, आधार, गॅसचं पुस्तक
दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत,
तोंडं मेणबत्तीवर चिकटवलेली.
बाबांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या.
टॉर्च, शिट्टी, गूळ-फुटाणे.
संत्र्याच्या गोळ्या ओवीनं टाकल्या,
मी काढल्या,
तिनं परत टाकल्या.
एक तारखेला फुटाणे बदलतो,
आणि न आलेल्या पुराचे जुने फुटाणे
चहाबरोबर खाऊन टाकतो.

शिट्टीचा उपयोग नाही, हे उशिरा कळलं.
वरच्या निखारे काकूंना ऐकू येत नाही
आणि रात्री दार तर त्यांनीच उघडायचं.
मग त्यांच्या पलंगाच्या पायाला दोरी बांधली,
जिन्यातून खाली, आमच्या ग्रिलपर्यंत.
ओढली की पलंग हलतो.
परवा मांजरीनं ओढली.
काकूंनी पहाटे तीनला दार उघडलं,
लाइट लावला,
पाच कप चहाचं आधण ठेवलं
आणि जिन्यात आमची वाट पाहत बसल्या.

तालीम रविवारी, तर्री-पोहे आणायच्या आधी.
ओवी मोबाइलवर वेळ लावते, हात वर करून ओरडते,
पाणी आलं!
पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली.
सिलिंडर बंद, सॅक पाठीवर, दोरी ओढली,
बाबा कुठायत?

बाबा चौतीस वर्षं लाइनमन होते.
आता मला बेबीआत्या म्हणतात,
जेवून उठले की विचारतात, आज जेवण नाही का.
त्यांना जिन्याकडे वळवावं
तर ते उलटे फिरतात,
भिंत चाचपत चाचपत आतल्या खोलीत.
ओवी वैतागते, आजोबा, सेकंद जातायत!
तेवढ्यात खटका पडतो.
पंखा मंदावतो. फ्रिज गप्प होतो.
बाबा बोर्डापाशी उभे, हात अजून वर,
त्या हाताला कंप नाही.
"पयले मेन पाडा वं," म्हणतात, "मंग पळा."

माझ्या यादीत मेन नव्हता.
गूळ होता.

आणि मला ती रात्र आठवली,
कमरेएवढ्या पाण्यात ते असेच उलटे फिरलेले.
मी दंड धरून ओढलं होतं त्यांना.
वेड लागलं का, म्हणाले होते,
याहून वाईटही काही म्हणाले होते.
वर काकूंच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा
गल्लीत दिवे होते, पाण्यात थरथरणारे,
शेजाऱ्यांकडे होते,
फक्त आमचं घर काळोखं.
तेव्हा वाटलं, आपलंच नशीब.

दोन वर्षं हे मला कळलं नाही.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
कोणाच्या घरी पाणी शिरलं होतं?

यादी आता ओवीच्या अक्षरात आहे.
एक नंबरला: मेन (आजोबा).
आणखी खाली, बारीक: संत्र्याच्या गोळ्या.

मागच्या रविवारी सहा मिनिटं चाळीस सेकंद.
आणखी कमी झाली असती,
पण जिन्याच्या पहिल्या पायरीशी बाबा थांबतात,
चपला काढतात,
वाकून जोडीनं भिंतीला लावून ठेवतात,
लोकांच्या घरी जायचं म्हणून.
त्यात वीस सेकंद जातात.
ती आम्ही हिशेबात धरली आहेत.